गुळाच्या पाण्यातला उजेड

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर सुटला तो सुटलाच. तेव्हा पेशी आणि नॅनोकण यांवर मी लेख लिहितो आहे हे कळल्यावर संपादक मंडळाच्या सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, यात त्यांची काही चूक नव्हती. पण या लेखाची सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही. ती आमच्या काकांच्या अडत दुकानात, गल्ल्यावर झाली.

काकांची गुळाची अडत आहे. कॉलेज सुटल्यावर मी तेथे रोजकीर्द लिहायला बसतो. मागच्या दिवाळीत भरण्यात पाचशेच्या दोन खोट्या नोटा निघाल्या. बँकेने त्या ठेवून घेतल्या आणि हजार रुपये काकांच्या अंगावर पडले. तेव्हापासून गल्ल्यावर नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आला. या दिव्याखाली खरी नोट धरली की तिचा कागद काळपट, मुका दिसतो आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू तेवढे उजळतात. साध्या कागदावर छापलेली खोटी नोट असेल तर उलट होते. सगळा कागदच निळसर पांढरा लखलखतो, कारण बाजारातल्या कागदाला पांढरेपणा यावा म्हणून जी द्रव्ये घालतात ती या दिव्याखाली चमकतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही ती असतात. पांढरा सदरा घालून दिव्याजवळ गेलात तर तुम्हीच खोटी नोट ठराल!

एका दुपारी एक शेतकरी गूळ घेऊन आले होते. आमच्याकडे आल्यागेल्याला गूळपाणी देण्याची रीत आहे. गप्पांच्या नादात माझ्या पेल्यातला गुळाचा खडा तसाच विरघळला आणि पेला सरकत दिव्याच्या झोतात आला. पाहतो तर पाण्यात निळसर हिरवट धुके पेटलेले! दिवा बंद केला, धुके गेले. चालू केला, पुन्हा आले. साध्या पाण्याचा पेला ठेवून पाहिला, काही नाही. साखरेचे पाणी ठेवले, काही नाही. गुळाचे पाणी मात्र चमकत होते. काका म्हणाले, "गुळात काय भेसळ हाय काय बघ आधी!"

दुसऱ्या दिवशी मी हे विज्ञान शाखेतल्या एका मित्राला सांगितले. तो कानडी माध्यमातला, आणि याच अंकाच्या कानडी विभागात लिहितो. तो आधी हसला, मग म्हणाला, "चल की, आमच्या सरांना विचारू." त्या सरांनी आमच्या हातात एक शोधनिबंध ठेवला. तो २०१२ सालचा, गुवाहाटीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा. त्यांनी पाव, बिस्किटे, कॉर्नफ्लेक्स, करपवलेली साखर आणि चक्क गूळ यांतून कार्बनचे अतिसूक्ष्म चमकणारे कण वेगळे काढून दाखवले होते. कणांचा आकार ४ ते ३० नॅनोमीटर. गूळ हा शब्द इंग्रजी शास्त्रीय निबंधात पाहून मला जो आनंद झाला तो येथे सांगून उपयोग नाही. अडतीच्या दुकानात वाढलेल्यालाच तो कळेल.

आता हे चमकणे म्हणजे काय ते सांगतो. शास्त्रज्ञ याला फ्लुओरेसन्स म्हणतात. मराठी पुस्तकांत प्रतिदीप्ती असा शब्द आहे. मला ते कळले ते शेतकऱ्याच्या पट्टीवरून. शेतकऱ्याचा माल जितक्याला विकला जातो तितके पैसे त्याच्या हातात कधीच पडत नाहीत. हमाली कापली जाते, तोलाई कापली जाते, आणि उरलेल्या रकमेची पट्टी त्याला मिळते. चमकणाऱ्या द्रव्याचेही तसेच. दिव्यातून येणारे किरण अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, भारी ऊर्जेचे. आमच्या गल्ल्यावरच्या दिव्याची तरंगलांबी सुमारे ३६५ नॅनोमीटर आहे. द्रव्य ती ऊर्जा घेते, त्यातली थोडी उष्णतेत खर्ची पडते, आणि उरलेली प्रकाश होऊन बाहेर येते. खर्च वजा झाल्यामुळे हा प्रकाश हलक्या ऊर्जेचा असतो, आणि हलक्या ऊर्जेचा म्हणजे निळा, हिरवा, पिवळा, तांबडा, अर्थात आपल्याला दिसणारा. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली हा हिशेब मांडला आणि फ्लुओरेसन्स हे नावही त्यानेच दिले.

सगळेच किरण परत येत नाहीत, हेही पट्टीसारखेच. शंभर किरणकण आत गेले आणि त्यांतले सव्वीस प्रकाश होऊन परतले तर त्या द्रव्याचा परतावा २६ टक्के. गुवाहाटीच्या निबंधात पावातल्या कणांचा परतावा १.२ टक्के आणि गुळातल्या कणांचा अवघा ०.५५ टक्के आहे. म्हणजे गूळ चमकतो खरा, पण त्या धंद्यात त्याचे दिवाळे निघालेले आहे.

नॅनोमीटरची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७,५०० नॅनोमीटर रुंद असते. चांगल्या प्रतीचा कार्बनचा ठिपका सुमारे ३ नॅनोमीटरचा. ती पेशी अकरा-बारा मीटरांचे अंगण मानली तर हा ठिपका त्या अंगणात पडलेला ज्वारीचा एक दाणा. अंगणात कोठे काय चालले आहे ते अंधारात पाहायचे असेल तर चमकणारे दाणे टाकून पाहावे, अशी ही युक्ती आहे. इंग्रजीत या कणांना कार्बन डॉट म्हणतात. आपण ठिपकेच म्हणू.

हे ठिपके सापडले तेही अपघातानेच. २००४ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात काही संशोधक काजळीतून कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करीत होते. नळ्या बाजूला काढताना एक चमकणारा पट्टा वेगळा पडला. टाकून द्यायच्या मळीत सोने निघावे तसे झाले. २००६ साली क्लेमसन विद्यापीठातल्या या-पिंग सुन यांच्या गटाने या कणांना कार्बन डॉट हे नाव दिले आणि २००७ साली एका गटाने साध्या मेणबत्तीच्या काजळीतून ते काढून दाखवले. मग सर्वांच्या लक्षात आले की कार्बन कोठलाही चालतो. झाडपाल्यात तर तो भरपूरच. २०१२ साली राउरकेला आणि खरगपूर येथील संशोधकांनी संत्र्याचा रस १२० अंशांवर अडीच तास तापवून २६ टक्के परतावा देणारे ठिपके बनवले. २०१३ मध्ये आसामातल्या तेजपूर विद्यापीठातून केळ्याच्या रसाचे आले. २०१४ मध्ये सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने उसाच्या रसाचे ठिपके करून त्यांनी जिवाणू आणि यीस्टच्या पेशी उजळून दाखवल्या. २०१५ मध्ये रुरकीला कोथिंबीर, २०१७ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये आंब्याची पाने. यादी वाढवीत नाही, नाहीतर हा लेख मंडईतल्या भावफलकासारखा होईल.

कृती ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला नवी नाही. रस जाड पोलादी भांड्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवतात. घरच्या कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत पोहोचते, येथे २४० पर्यंतही नेतात. काहिलीत रस आटतो तसा येथे तो आटत नाही, कारण भांडे बंद असते. पण साखरेच्या अंगचे पाणी सुटते, उरलेले तुकडे एकमेकांना चिकटतात, रस तांबूस, मग तपकिरी, मग काळपट होतो. ते काळपट पाणी गाळले की त्यात ठिपके. गुळव्या ज्या काळेपणाला भितो तोच येथे हवा असतो. आमच्या बाजारात काळ्या गुळाला गिऱ्हाईक नाही, म्हणून काही जण पिवळा रंग यावा यासाठी हायड्रोस पावडर टाकतात. पण तो विषय निराळा, आणि काकांच्या दुकानात बसून लिहिण्यासारखा नाही.

माझे कुतूहल येथेच संपले असते आणि मी पुन्हा रोजकीर्दीकडे वळलो असतो. पण त्याच सुमारास आमच्या आत्याच्या काखेत गाठ आली.

आत्या कोणाला सांगत नव्हती. तिच्या ओळखीच्या कोणीतरी तिला एक बाटली आणून दिली. बाटलीवर लिहिले होते, वनस्पतीजन्य नॅनो अर्क, पेशींच्या आत पोहोचणारा. एका बाटलीला अठराशे रुपये. दोन महिने तिने तो अर्क घेतला. झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही ना, एवढाच तिचा विचार. दोन महिन्यांत गाठ वाढली. मग दवाखाना, गाठीचा तुकडा काढून तपासणी, आणि अहवालात ज्याची भीती होती तेच.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून ती काच पाहू दिली. जांभळी केंद्रके, गुलाबी आजूबाजू. दाटीवाटीने, वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी. मी विचारले, "बाई, या जिवंत आहेत?" त्या म्हणाल्या, "नाही रे. फॉर्मॅलिनमध्ये घातल्या तेव्हाच मेल्या. मग कापून, रंगवून काचेवर घेतल्या." तो जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिन नावाचा, आणि तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. मला आश्चर्य वाटले. म्हणजे झाडांनी पेशी पाहण्याचे काम नवे नाहीच. आत्याच्या गाठीचे निदान एका झाडाच्या रंगानेच झाले होते. फक्त पाहिलेल्या पेशी मेलेल्या होत्या.

मेलेली पेशी हा एक फोटो. पण औषध पेशीत शिरते की दारातच थांबते, शिरल्यावर कोठे साठते, पेशी दुभंगताना आत काय हलते, हे फोटोत दिसत नाही. त्याला पेशी जिवंत हवी, आणि जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. तिच्यात काहीतरी चमकणारे घालावे लागते, आणि जे घालू त्याने ती मरता कामा नये. सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

यासाठी रंगद्रव्ये आहेत. पण पुष्कळशी द्रव्ये सूक्ष्मदर्शकाच्या तीव्र प्रकाशात, उन्हात वाळत घातलेल्या साडीसारखी, काही मिनिटांत विटतात. दुसरा मार्ग समुद्रातल्या एका जेलीफिशने दिला. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली तिच्यातले हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले, पुढे मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी ते इतर सजीवांच्या पेशींत वापरण्याजोगे केले, आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळून गेले. हा मार्ग सुंदर आहे, पण त्यासाठी पेशीच्या जनुकांतच फेरफार करावा लागतो. तिसरा मार्ग क्वांटम डॉटचा, ज्यांच्या शोधाला २०२३ चे नोबेल मिळाले. ते अतिशय तेजस्वी आणि न विटणारे. परंतु त्यांतले नावाजलेले ठिपके कॅडमियमचे असतात, आणि वरचे कवच खराब झाले तर कॅडमियम सुटून पेशीला विषबाधा होते.

कार्बनच्या ठिपक्यांकडे लोक वळले ते यामुळे. ते पाण्यात विरघळल्यासारखे राहतात, सहसा लवकर विटत नाहीत, आणि त्यांत जड धातू नाहीत. काचेच्या थाळीत वाढणाऱ्या पेशींवर त्यांचे पाणी घालून काही तास ठेवले की पेशी त्यांना आपल्या पडद्याचा खळगा करून आत ओढून घेते, जणू घास घेते. मग वरचे पाणी धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशीचे अंग उजळलेले दिसते, केंद्रक बहुधा अंधारे राहते. संत्र्याच्या ठिपक्यांनी हाडाच्या कर्करोगाच्या पेशी अशाच उजळल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या काचेवरच्या पेशींच्या जातभाई, पण जिवंत.

येथपर्यंत वाचून मीही हरखलो होतो. मित्र म्हणाला, "आता तुझी खाती तपासायची सवय इथं लाव की." तो थट्टेने म्हणाला, पण त्याने मला योग्य जागी आणून सोडले. कारण या विषयात तपासणीची, आमच्या भाषेत ऑडिटची, फार गरज आहे.

पहिला प्रश्न असा की चमकले ते नक्की कोण? झाडपाल्याच्या रसात मुळातच चमकणारी द्रव्ये असतात. सिंकोनाच्या सालीतले क्विनीन निळे चमकते, हे जॉन हर्शेल यांनी १८४५ साली नोंदवले. हिरव्या पानांचा अल्कोहोलमधला अर्क तांबडा चमकतो, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याही आधी, १८३३ साली पाहिले होते. पालकाची पाने स्पिरिटमध्ये खलून नोटांच्या दिव्याखाली धरा. हिरवे पाणी रक्तासारखे लाल दिसेल. (दिव्याकडे डोळे लावून पाहू नका, तो डोळ्यांना चांगला नाही.) ते नॅनोकण नव्हेत, ते हरितद्रव्य. आणि रस तापवताना ठिपक्यांबरोबर छोटे छोटे चमकणारे रेणूही नव्याने तयार होतात. याचे मोठे उदाहरण चीनमधल्या जिलिन विद्यापीठाचे. तेथे २०१३ साली सायट्रिक आम्ल आणि एक अमाइन यांपासून ८० टक्के परताव्याचे ठिपके बनवले गेले आणि जगभर नाव झाले. २०१५ साली त्याच गटाने दाखवून दिले की त्या निळ्या तेजाचा मोठा वाटा ठिपक्यांसोबत तयार होणाऱ्या एका लहानशा रेणूचा आहे. नफा दिसत होता तो एका खात्यात, कमावला होता दुसऱ्याच खात्याने! पण आपली वही आपणच पुन्हा उघडून चूक दाखवली, याचे मला फार मोल वाटते. व्यापारात असे क्वचित होते.

यावर उपाय आहे डायलिसिस. मूत्रपिंडाच्या रोग्यांमुळे हा शब्द सर्वांना माहीत आहे. बारीक छिद्रांच्या पिशवीत काळपट पाणी भरून ती स्वच्छ पाण्यात सोडतात. लहान रेणू छिद्रांतून बाहेर जातात, मोठे कण आत राहतात. पाणी पुन्हा पुन्हा बदलतात. एवढे केल्यावर आत जे चमकते तेच ठिपक्यांच्या नावावर जमा धरायचे. ज्या निबंधात ही पायरी घाईने उरकलेली असते तेथे मी आता पेन्सिलीने खूण करतो.

दुसरा प्रश्न रंगाचा. पेशीच्या स्वतःच्या काही द्रव्यांचा निळसर हिरवा उजेड असतोच. आपले ठिपकेही निळे चमकले तर कोणाचा उजेड कोणता हे कसे सांगणार? शिवाय ते पेटवायला अतिनील किरण लागतात आणि ते जिवंत पेशीला मारक. तिसरे म्हणजे निळा प्रकाश मांसातून फार आत जात नाही. रात्री टॉर्चवर तळहात ठेवून पाहा, बोटे लाल दिसतात, निळी कधीच दिसत नाहीत, कारण तांबडा प्रकाशच तेवढा आरपार येतो. म्हणून मुंबईच्या आंब्याच्या पानांचे मला महत्त्व वाटते. पानांचा अल्कोहोलमधला अर्क मायक्रोवेव्हमध्ये तापवून त्यांनी जे ठिपके मिळवले त्यांचा प्रकाश तांबड्याच्या पलीकडे झुकणारा आहे, आणि तापमानाप्रमाणे तो बदलत असल्याने पेशीच्या आतले तापमान मोजायलाही त्यांचा उपयोग त्यांनी करून पाहिला. मात्र पानांपासून तांबडा उजेड मिळाला की हरितद्रव्याचा प्रश्न आलाच. तो विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, व्हाउचर मागणे आहे.

तिसरा प्रश्न आत्याचा. झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही ना?

मी याचे उत्तर शोधत दोन आठवडे घालवले. कण्हेर झाडच आहे, धोतराही झाडच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. २४० अंशांवर चार तास तापल्यानंतर कोथिंबिरीत कोथिंबिरीचे असे फारसे उरतच नाही. उरतो तो कार्बनचा कण, आणि त्याच्या अंगावर चिकटलेले काही गट. झाडाचा औषधी गुण त्यात आपोआप उतरतो असे म्हणणे म्हणजे ऊस गोड म्हणून चिपाडाची राख गोड म्हणण्यासारखे आहे. राखेचे गुण राखेत तपासावे लागतात. गुवाहाटीच्या निबंधात मात्र एक विचार असा मांडला आहे की हे पदार्थ माणूस शतकानुशतके खात आला, तेव्हा त्यांतले कण निर्धोक मानता येतील. येथे मी, वाणिज्याचा विद्यार्थी असूनही, त्यांच्याशी सहमत नाही. गूळ आपण खातो, शिरेतून टोचून घेत नाही. पोटाचा रस्ता निराळा, रक्ताचा निराळा. आणि खाण्यातले कण आणि प्रयोगासाठी घट्ट करून घेतलेले कण यांच्या मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक.

निर्धोकपणाची नेहमीची चाचणीही मी समजून घेतली. पेशींवर ठिपके घालून चोवीस तास ठेवतात, मग एक पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे करते, मेलेली करू शकत नाही. जांभळेपणा मोजून किती टक्के पेशी जगल्या ते काढतात. चाचणी चांगली आहे, पण ती थाळीतल्या पेशींची आणि चोवीस तासांची आहे. यकृतात महिनोन्महिने काय साठते ते ती सांगत नाही. झाडपाल्याचे कार्बन ठिपके आजपर्यंत प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर वापरले गेले आहेत, रुग्णालयातल्या नेहमीच्या उपचारांत ते आलेले नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्यात मधुमेहाच्या रोग्याला हातात पिवळे द्रव्य टोचून आतल्या पडद्याचे फोटो काढतात, ते फ्लुओरेसिन. ते चमकणारे खरे, पण अनेक दशके पारखलेले, आणि तेही फक्त पाहण्यासाठी. ठिपक्यांचे कामही, झाले तर, प्रथम पाहण्याचेच आहे. गाठ विरघळवणारी बाटली त्यांतून निघालेली नाही.

हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती खाटेवर बसून केस विंचरत होती. औषधांनी केस गळू लागले होते. ती म्हणाली, "मग त्या बाटलीत काय होतं रे?" उरलेली अर्धी बाटली तिने कपाटात ठेवली होती. मी ती दुकानात नेऊन दिव्याखाली धरली. चमकली. अर्थात चमकली, त्यात गुळाचाच पाक असावा असा वास येत होता. बाटली विकणाऱ्याने तो दिवा दाखवला असता तर आत्याची खात्रीच पटली असती, आणि खरे सांगायचे तर पंधरा दिवस आधी माझीही पटली असती.

खर्चाचाही एक मुद्दा राहिला. या विषयावरच्या लेखनात स्वस्त हा शब्द फार येतो. रस स्वस्त आहेच, प्रश्न रसाचा नाही. तो तापवण्याची वीज, डायलिसिसचे दिवस, कण मोजण्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, पेशी पाहण्याचा लेसरचा सूक्ष्मदर्शक, हे धरल्यावर कच्च्या मालाची किंमत एकूण खर्चात दिसतसुद्धा नाही. दुसरे, एकसारखेपणाचे. एकाच फडातल्या उसाचे दोन आदणांचे गूळ सारखे निघत नाहीत, हे गुळव्याला विचारा. पावसाळ्यातली कोथिंबीर आणि उन्हाळ्यातली कोथिंबीर यांचे ठिपके सारखे कसे निघावेत? कारखान्यातले रसायन दरवेळी तेच असते, झाड दरवेळी तेच नसते. झाडाचा हाच मोठा दोष आहे, आणि शेतकऱ्याच्या घरी तो कोणाला नव्याने सांगावा लागत नाही.

शेवटी आम्ही दोघांनी सरांच्या परवानगीने एक प्रयोग केला. प्राणिशास्त्राच्या कपाटात डायलिसिसच्या पिशवीची गुंडाळी होती. काकांच्या दुकानातला गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, पिशवीत भरला आणि पिशवी स्वच्छ पाण्याच्या चंचुपात्रात रात्रभर सोडली. सकाळी नोटांचा दिवा घेऊन गेलो. खोली अंधारी केली. पिशवीबाहेरचे पाणी चांगले चमकत होते. म्हणजे त्या दुपारी माझ्या पेल्यात जो उजेड मी पाहिला त्यातला बराचसा लहान रेणूंचा होता, ठिपक्यांचा नव्हे. मित्र म्हणाला, "गेला तुझा लेख!" त्याच्या लेखाचे नाव बेल्लद बेळकु, म्हणजे गुळाचा उजेड, आधीच ठरले होते, म्हणून तोही थोडा पडला.

पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी बाहेरचा उजेड कमी. पुन्हा बदलले. पाचव्या दिवशी बाहेरचे पाणी दिव्याखाली जवळजवळ साधे दिसू लागले. मग पिशवी उचलून झोतात धरली. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागले. आत, अगदी फिकट, पण आतच, निळसर हिरवे काहीतरी होते. सरांनी वहीत दिवस आणि वेळ टिपून घेतली आणि पिशवीतले पाणी एका बाटलीत ओतून तिच्यावर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर मी कार्बन ठिपके असे लिहिणार होतो. त्यांनी ते खोडून लिहिले: गूळ, पाच दिवस धुतलेला.